'राजा' केळकर राजे नव्हते

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय कुणा संस्थानिकाचं, असं अनेकजण समजतात. तसं नाही. राजा हे दिनकर केळकरांच्या मुलाचं नाव. तो सात वर्षांचा असताना गेला, त्याच्या आठवणीसाठी हे नाव दिलं. केळकर स्वतः 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे. 1920 च्या सुमारास संग्रह सुरू झाला. पत्नी कमलाबाईंची साथ होती. म्हणूनच इथे सिंहासनांपेक्षा अडकित्ते, दिवे, फण्या मन ओढतात. वज्रीच बघा: तळवे घासायची साधी वस्तू, खालून खरखरीत, पण वर पक्षी बसवलेला. घरातल्या बाईच्या रोजच्या हाताळणीतली कला त्यांनी मोडीतून वाचवली. तिकीट काढताना त्या लहानग्या राजाला जरूर आठवा.