टेम्प्टेशन्स की फोर टॉप्स?

शहर अमेरिकेतले डेट्रॉइट, रेकॉर्ड कंपनी मोटाऊन, अंगात एकसारखे सूट आणि दोघांनाही पहिले मोठे यश मिळाले ते 1964 मध्येच. त्यामुळे सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीतप्रकारातील टेम्प्टेशन्स आणि फोर टॉप्स या दोन गायकगटांची गल्लत होते, यात नवल नाही. त्या वर्षापर्यंतची त्यांची वाटचाल मात्र अगदी वेगळी आहे.

फोर टॉप्स हा जुना गट. लिव्हाय स्टब्स, ड्यूक फकीर, ओबी बेन्सन आणि लॉरेन्स पेटन शाळकरी वयातच एकत्र आले आणि ‘फोर एम्स’ या नावाने गाऊ लागले. पुढे एम्स ब्रदर्स या प्रसिद्ध गटाशी घोटाळा नको म्हणून 1956 मध्ये त्यांनी नाव बदलले. चेस, कोलंबिया, रिव्हरसाइड अशा कंपन्यांकडे रेकॉर्ड काढूनही हाती फारसे काही न लागल्याने त्यांचा खरा रियाझ नाइटक्लबांत, जॅझच्या संगतीत झाला. 1963 मध्ये मोटाऊनने त्यांना घेतले तेव्हाही आधी जॅझचाच अल्बम ध्वनिमुद्रित झाला, आणि तो प्रकाशित व्हायला 1999 उजाडले!

टेम्प्टेशन्स हा मात्र जोडून तयार झालेला गट. अलाबामातून आलेल्या ‘प्राइम्स’चे एडी केंड्रिक्स आणि पॉल विल्यम्स, तर ‘डिस्टंट्स’चे ओटिस विल्यम्स, मेल्विन फ्रँकलिन आणि अल ब्रायंट असे पाच जण एकत्र आले आणि 1961 मध्ये मोटाऊनमध्ये दाखल झाले. (दोन्ही विल्यम्स एकमेकांचे कोणी नव्हेत. प्राइम्सचा भगिनीगट असलेल्या ‘प्राइमेट्स’ म्हणजेच नंतरचा प्रसिद्ध गायिकागट सुप्रीम्स.) सुरुवातीची वर्षे इतकी कोरडी गेली की कंपनीत त्यांची थट्टा होई. ब्रायंटला काढून 1964 च्या आरंभी डेव्हिड रफिनला घेतले, तेव्हा गट खऱ्या अर्थाने जुळला.

फरक ओळखायला कान पुरेसा आहे. फोर टॉप्समध्ये मुख्य स्वर बहुतेक वेळा स्टब्सचाच असतो: मूळचा भारदस्त बॅरिटोन (मध्यम-खालच्या पट्टीचा पुरुषी आवाज), पण हॉलंड-डोझियर-हॉलंड या मोटाऊनच्या गीतकार-संगीतकार त्रयीने गाणी मुद्दाम त्याच्या आवाक्याच्या वरच्या टोकाला बांधल्याने आर्जव करणारा; ‘रीच आउट आय विल बी देअर’मध्ये तर तो अक्षरशः हाका मारतो. टेम्प्टेशन्समध्ये मुख्य गायक गाण्यागणिक बदलतो. ‘द वे यू डू द थिंग्ज यू डू’ केंड्रिक्सच्या तलम, उंच आवाजात आहे, तर ‘माय गर्ल’ रफिनच्या किंचित खरखरीत गळ्यातून येते आणि तळाशी फ्रँकलिनचा खर्ज असतो. माझ्या मते अनेक गळ्यांची ही श्रीमंती गट जोडून बनल्यामुळेच आली, मात्र त्याची किंमतही पडली: रफिनला 1968 मध्येच काढावे लागले. फोर टॉप्सचे मूळ चौघे पेटनच्या निधनापर्यंत, म्हणजे 1997 पर्यंत, एकत्र गात राहिले.