लाच मागितली तर मुंबईत एसीबीकडे (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग) तक्रार कशी करायची: पात्रता, कागदपत्रं, प्रक्रिया

दरवर्षी ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलचा भ्रष्टाचार निर्देशांक येतो. 2024 ला भारताला 100 पैकी 38 मिळाले (जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार), 180 देशांत 96 वा नंबर, आणि डेन्मार्क 90 घेऊन पहिला. पण हा आकडा तज्ज्ञ आणि उद्योगवाल्यांना काय वाटतं त्यावरून निघतो, वॉर्ड ऑफिसात तुमच्याकडे कोणी किती मागितले ते त्यात येत नाही. त्याच संस्थेने 2020 च्या सर्व्हेत थेट सामान्य लोकांना विचारलं तेव्हा सरकारी सेवा घेतलेल्या 39 टक्के भारतीयांनी वर्षभरात लाच दिल्याचं सांगितलं. यातल्या किती जणांनी तक्रार केली असेल? मला मनापासून वाटतं लोक घाबरतात कारण पुढे काय होतं ते कोणी नीट सांगतच नाही, म्हणून हे लिहितोय.

तक्रार कोणीही करू शकतं, फी नाही, वकील लागत नाही. समोरचा लोकसेवक हवा, म्हणजे महापालिका, पोलीस, म्हाडा, तलाठी वगैरे, आणि त्याच्या वतीने पैसे मागणारा एजंटसुद्धा चालतो. रेल्वे, इन्कम टॅक्स अशा केंद्राच्या माणसाने मागितले तर सीबीआयकडे जायचं.

1064 हा टोल फ्री नंबर लावा किंवा सरळ वरळीला एसीबीच्या ऑफिसात जा. ठाणे, नवी मुंबई, पालघरवाल्यांसाठी ठाणे परिक्षेत्र आहे. सोबत ओळखपत्र, अडकलेल्या कामाच्या अर्जाची कॉपी आणि पोचपावती, नोटीस आली असेल तर ती, आणि कॉल रेकॉर्डिंग किंवा व्हॉट्सअॅप मेसेज असतील तर तो मूळ फोनच न्या, काही डिलीट करू नका. पुरावा नाही म्हणून घरी बसू नका, कारण पडताळणी ते स्वतः करतात.

आता महत्त्वाचं. पैसे देऊन मग तक्रार करू असं ठरवू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांच्या आत कळवलं तरच संरक्षण मिळतं. आधी एसीबीला सांगून मग त्यांच्या सापळ्यासाठी पैसे दिले तर तो गुन्हा धरत नाहीत, म्हणून मागणी झाली की लगेच जायचं आणि तोपर्यंत त्या माणसाला हो किंवा नाही काहीच ठाम बोलायचं नाही.

पडताळणीत पंचांसमोर तुमच्याकडे व्हॉइस रेकॉर्डर देऊन त्याच्याशी बोलायला लावतात, कारण कोर्टात नुसत्या नोटा सापडून भागत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. मागणी पक्की झाली की नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहितात, नोटांना पावडर लावतात, ती घेणाऱ्याच्या हाताला चिकटते. तुम्ही फक्त त्याने परत मागितल्यावरच द्यायचे, स्वतःहून खिशात कोंबायचे नाहीत, इथे गडबड झाली तर पुढे केस ढिली पडते. सापळ्यातली रक्कम तुम्हाला परत मिळते. तुमचं काम कायदेशीर असेल तर ते मार्गी लावायलाही एसीबी मदत करते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

शिक्षा 3 ते 7 वर्षं, पण खटला लांबतो आणि तुम्हाला साक्षीला जावं लागतं, ही मनाची तयारी ठेवूनच जा. तक्रारदार फिरला किंवा हयात नसला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मधे सांगितलंय.

आणि पैसे कोणी मागितले नाहीत पण फाईल नुसती पडूनच आहे, तर एसीबी नाही, 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करा. सेवा त्या कायद्याखाली अधिसूचित असली की ठरलेली मुदत संपल्यावर 30 दिवसांत पहिलं अपील टाकायचं, त्यासाठी पोचपावतीवरची तारीख लागते, त्यामुळे ती पहिल्या दिवशीच घेऊन ठेवा.