आधी विचारा, बघायचं कशासाठी: ब्रिटनमधल्या अ‍ॅस्बेस्टॉस सर्वेक्षणाची पार्श्वभूमी

अ‍ॅस्बेस्टॉस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिमेंटचा पत्रा येतो. ब्रिटनमध्ये पत्रे आहेतच, पण खरा धोका नजरेआड आहे: छताच्या फळ्यांत, पाइपांच्या आवरणात, दरवाजाच्या पोटात. निळ्या आणि तपकिरी प्रकारावर तिथे १९८५ साली बंदी आली, पांढऱ्यावर १९९९ साली. बंदी नव्या वापरावर होती; आधी बसवलेला माल जागच्या जागी राहिला. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ श्वासातून आत जाऊन होणाऱ्या आजारांनी तिथे आजही वर्षाला सुमारे ५,००० माणसं जातात.

धोका नवा नव्हता. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात काम केलेली नेली केर्शॉ याच धुळीने १९२४ साली वारली, १९३१ साली नियम झाले. ते कारखान्यापुरतेच. पुढे त्याच फळीला भोक पाडणाऱ्या सुताराला किंवा वायरमनला आत काय आहे ते आधी सांगणं इमारत सांभाळणाऱ्यावर बंधनकारक व्हायला आणखी सत्तर वर्षं गेली. मला या सगळ्यात हेच सर्वांत जास्त मनाला लागतं.

२००२च्या नियमांनी इमारत सांभाळणाऱ्यावर जबाबदारी टाकली आणि मे २००४ पासून ती लागू झाली: अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे ते शोधा, नोंद ठेवा, कामाला येणाऱ्याला आधी सांगा. शोधायचं कसं, यासाठी एचएसई या सरकारी सुरक्षा यंत्रणेची 'एमडीएचएस १००' ही पुस्तिका २००१ पासून होती. तिच्यात सर्वेक्षणाचे तीन प्रकार होते. पहिल्यात नुसतं बघून अंदाज, दुसऱ्यात नमुने, तिसऱ्यात तोडफोड करून आतपर्यंत तपास.

घोळ या आकड्यांनीच झाला. 'टाइप टू' केलं म्हणजे इमारत तपासून झाली, असा समज व्हायचा. पण त्यात भिंत फोडलेलीच नसते. तो अहवाल हातात घेऊन नूतनीकरणाला हात घातला, की आतली फळी करवतीखाली यायची.

जानेवारी २०१० मध्ये 'एचएसजी २६४' ही एचएसईची नवी पुस्तिका आली आणि आकडे गेले. त्यांच्या जागी हेतू आला: रोजच्या वापरासाठी व्यवस्थापन सर्वेक्षण, आणि नूतनीकरण किंवा पाडकामाआधी वेगळं, आत शिरून केलेलं सर्वेक्षण. मला हा बदल नावापुरता वाटत नाही. आता मालकाला आधी सांगावं लागतं, की या इमारतीचं पुढे काय करायचं आहे.

नमुना घ्यायची रीत मात्र साधीच. जागेवर पाणी फवारायचं, नखाएवढा तुकडा काढायचा, दुहेरी पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाठवायचा आणि उघडी पडलेली जागा लगेच बुजवायची.

'किल्ली मिळाली नाही' एवढं लिहून सुटायची वाटही नव्या पुस्तिकेने अरुंद केली. कुठे जाता येणार नाही ते आधीच ठरवायचं, अहवालात स्पष्ट लिहायचं. आणि कुणी कुलूप काढून बघेपर्यंत त्या खोलीत अ‍ॅस्बेस्टॉस आहे, असंच धरायचं.