एकटा मोठा राक्षस म्हणजेच कठीण लढाई?

‘लढाई कठीण हवी असेल तर एकच तगडा राक्षस आणा, किरकोळ शत्रूंची झुंड म्हणजे नुसता टाइमपास,’ हा सल्ला टेबलटॉप (टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचे भूमिका-खेळ) खेळणाऱ्यांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतो, कारण राक्षसाचा एक फटका खरंच मोठा असतो. पण लढाई ठरते ती एका फेरीत कोणाला किती वार मिळतात त्यावर.

यातल्याच एका खेळाचे, डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतले (2014) आकडे घ्या. ऑगर या मोठ्या राक्षसाचे हिट पॉइंट (किती इजा सोसून तो टिकतो) 59, आठ गॉब्लिनचे, म्हणजे किरकोळ शत्रूंचे, मिळून 56. म्हणजे जवळपास सारखेच. आता समोर आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) 16 चा योद्धा ठेवा. ऑगरला हल्ल्यात +6 मिळतात, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 10 किंवा जास्त हवेत: शक्यता 55 टक्के. सरासरी इजा 13, म्हणून फेरीला साधारण 7. गॉब्लिनला +4, शक्यता 45 टक्के, इजा 5. आठ जणांचे मिळून 18! चार मेले तरी उरलेले 9 देतात. शिवाय एका मंत्राने ऑगरची पाळी हुकली, की शत्रूची अख्खी फेरी वाया जाते.

हेच गणित तुमच्या खेळाडूंच्या आर्मर क्लासवर लढाईआधी करून बघा: 21 मधून (आर्मर क्लास वजा हल्ल्याचा बोनस) वजा करा, 20 ने भागा, सरासरी इजेने गुणा. मात्र गॉब्लिन घोळक्याने उभे केलेत, तर क्षेत्रावर पडणारा एकच मंत्र त्यांना संपवतो. ते पांगलेलेच हवेत. एकटाच राक्षस हवा असेल, तर सोबतीला दोन-तीन हस्तक द्या.