बर्फाने खरवडलेल्या काठावरचं फूल

अमेरिकेतलं मेन राज्य आणि कॅनडातला न्यू ब्रन्सविक प्रांत यांमधून वाहणाऱ्या सेंट जॉन नदीचे काठ सोडले, तर 'पेडिक्युलॅरिस फर्बिशी' ही वनस्पती जगात कुठेच उगवत नाही. नेच्यासारखी पानं, शेंड्याला पिवळट फुलांचा झुबका. १८८० मध्ये ती केट फर्बिश या चित्रकार बाईंच्या नजरेला पडली. १८८२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ सेरेनो वॉटसन यांनी तिची नवी प्रजाती म्हणून नोंद केली आणि बाईंचंच नाव तिला दिलं.

पूर्वी तिला स्क्रोफ्युलॅरिएसी कुळात बसवत. डीएनएचा अभ्यास झाल्यावर ती ओरोबँकेसीत गेली. आपल्याकडे ज्वारीत माजणारा टारफुला आणि तंबाखूच्या मुळांवर पोसणारा बंबाखू याच कुळातले. फर्बिशी मात्र अर्धीच परजीवी. हिरव्या पानांत अन्न तयार करते, शिवाय शेजारच्या झाडांच्या मुळांतूनही रस ओढते.

ती नामशेष झाली असंच मानत होते. १९७६ मध्ये याच नदीवर बांधायच्या डिकी-लिंकन धरणासाठी पाहणी सुरू असताना ती पुन्हा सापडली आणि १९७८ मध्ये अमेरिकेत तिला 'संकटग्रस्त' म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. धरण या फुलाने अडवलं, ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. पण प्रकल्पाच्या अवाढव्य खर्चावरही तेवढीच टीका होत होती.

धरण झालं असतं तर काही काठ बुडाले असते, आणि खालच्या भागात नदीची वागणूकच बदलली असती. वसंतात बर्फ फुटतो तेव्हा त्याच्या लाद्या काठ खरवडत जातात. त्यात फर्बिशीची रोपंही उखडतात. पण हे झालंच नाही, तर आल्डर-विलोची झुडपं माजून तिला सावलीत गाडतात. मोकळ्या झालेल्या ओल्या मातीत तिचं बी रुजतं. फुलावर यायला तिला किमान तीन वर्षं लागतात, आणि ती पसरते फक्त बियांनीच. म्हणजे खरवड हवी, पण दरवर्षी नको. कुंपण घालून, झाडाला हात लावू नका अशी पाटी ठोकून असं फूल वाचत नाही. त्यासाठी नदीच मोकळी ठेवावी लागते.

२०२३ मध्ये अमेरिकेने तिला 'संकटग्रस्त'वरून एक पायरी खाली, 'धोक्यात' या कमी गंभीर वर्गात आणलं. कॅनडात ती अजून संकटग्रस्तच आहे. मला हा बदल जरा घाईचा वाटतो, कारण हिवाळे उबदार होऊ लागले की बर्फ फुटण्याचं वेळापत्रकच बिघडतं, आणि नदीच्या वरच्या उतारांवरची जंगलतोड काठ ढासळवते ती वेगळीच.