सीडी आली आणि गाणं कोरडं झालं?

जळगाव-धुळ्याकडचे जुने शौकीन अजून म्हणतात, कॅसेटमध्ये गोडवा होता, सीडीने तो घालवला. तक्रार अगदीच खोटी नव्हती. फक्त खापर डिजिटलच्या माथी फुटलं आणि खरे आरोपी सुटले.

१ ऑक्टोबर १९८२ ला सोनीचा सीडी प्लेअर सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला आला. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने आकड्यांत नोंदलेले, प्रत्येक १६ बिटांचा. कानाला ऐकू येतं जेमतेम २०,००० हर्ट्झपर्यंत आणि नमुने त्याच्या दुपटीहून जास्त लागतात, म्हणजे ते गणिताला पुरेसे होते. घोडं पेंड खात होतं ते आकड्यांचा पुन्हा आवाज करताना. २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं सोडायचं आणि २२ च्या वरचं अडवायचं, यासाठी फार तीव्र उताराचे फिल्टर (गाळण्या) लागत आणि तेच आवाज बिघडवत. सोनीने तर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून एकच डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, आलटूनपालटून वापरला होता. फिलिप्सकडे डॅक १४ बिटांचाच, पण त्यांनी चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे नमुन्यांच्या मध्ये गणिताने आणखी नमुने भरून, गाळण्याचं बरंचसं काम आकड्यांतच उरकलं. कागदावर कमी दिसणारी ही युक्तीच पुढे सगळ्यांनी उचलली. त्यात सुरुवातीच्या काही सीडी एलपी तबकडीच्या सोयीने आवाज बदलून बनवलेल्या टेपवरूनच उतरवल्या गेल्या होत्या.

खान्देशात मात्र चांगला सीडी प्लेअर पोचला मोजक्या घरांत. बाकीचे कॅसेटवरून थेट एमपीथ्रीवर आले. ७०० एमबीच्या एका डिस्कवर १२८ केबीपीएसने (सेकंदाला १२८ किलोबिट) बारा तास गाणी मावत. मग मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून घेणं सुरू झालं. सीडीवर माहिती १,४११ केबीपीएसने असते, म्हणजे कार्डावर तिचा अकरावा हिस्सा. टाळ-झांजा फसफसतात त्या इथे. खान्देशच्या कानबाई देवीची गाणी अशा फायलींतून ऐकून ‘डिजिटल वाईट’ म्हणणं हा अन्यायच आहे! आणि टाकून दिलेला तपशील महागड्या अँप्लिफायरनेही परत येत नाही.

आता काही हजारांतला डॅकही कानाला दोष सापडू नये इतका स्वच्छ असतो. राहिली खोली, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. धाब्याच्या घरात मातीच्या जाड, खडबडीत भिंती आणि छताला लाकडी सरे (तुळया) असत. आवाज फार घुमत नसे. स्लॅबच्या घरात चकचकीत टाइल्स आणि उघड्या भिंती, त्यामुळे वरच्या पट्टीचा आवाज आदळत राहतो. तिथे नवा डॅक घेण्याआधी जाड पडदे लावावेत, खाली सतरंजी अंथरावी आणि स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढावेत; फरक लगेच कळतो.