वजा एकलाच बाहेर का काढलंय?

बीएस्सीच्या पेपरात हे गणित हमखास असतं. वजा १ सोडून सगळ्या वास्तव संख्या घ्यायच्या आणि नवीन क्रिया अशी की अ * ब = अ + ब + अ×ब, मग विचारतात हा आबेलियन ग्रुप होतो का, म्हणजे उत्तर त्याच संख्यांत राहतं का, कंस कुठेही टाकले किंवा क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं का, काहीच न बदलणारी एक संख्या (अविकारक घटक) आहे का आणि प्रत्येक संख्येचा परिणाम पुसून टाकणारी दुसरी संख्या (व्यस्त) आहे का. पोरं अटी तपासतात आणि मोकळी होतात, पण तो वजा १ बाहेर का हे फार कमी जण विचारतात आणि सगळी गंमत तिथेच आहे!

ही क्रिया आपण बाजारात रोज बघतो. भाव आधी १०% वाढला, मग २०%, तर एकूण वाढ ३०% नाही, ३२%. कारण ०.१ + ०.२ + ०.०२. क्रम उलटा केला तरी ३२% च, म्हणजे क्रमनिरपेक्षता झाली. अविकारक घटक ०, कारण ०% वाढीने काहीच बदलत नाही.

आता व्यस्त. २५% चढलेला भाव मूळ जागी आणायला किती पाडावा लागेल? २५% नाही, २०%. सूत्र आहे −अ/(१+अ), आणि इथे अ = −१ टाकलं की छेदात शून्य. −१ म्हणजे १००% घट, सगळं संपलं, आता कितीही टक्के वाढ द्या शून्याचं शून्यच राहणार, परतीची वाटच नाही, म्हणून त्याला बाहेर ठेवलंय.

पण मग दोन चांगल्या संख्यांपासून चुकून −१ तयार झाला तर? ही अट बरेच जण विसरतात. इथे १ + (अ * ब) = (१+अ)(१+ब), आणि शून्य नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार कधी शून्य होत नाही, त्यामुळे −१ येऊच शकत नाही. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की याच ओळीतून साहचर्यही (कंस कुठेही टाका, उत्तर तेच) फुकटात मिळतं, कारण ही क्रिया म्हणजे एकने सरकवलेला साधा गुणाकारच आहे. तीन-चार आकडे टाकून 'जमतंय' म्हणणं ही सिद्धता नव्हे, ही ओळ सिद्धता आहे.

म्हणजे उत्तर हो, आबेलियन ग्रुप आहे. परिमेय संख्या घेतल्या तरी चालतं. फक्त पूर्णांक घेतले तर मात्र फसतं, कारण १ चा व्यस्त −१/२ येतो. पूर्णांकांत व्यस्त फक्त ० आणि −२ या दोघांनाच आहे, पण (−२) * (−२) = −४ + ४ = ०, त्यामुळे ते दोघंच मिळून एक छोटासा आबेलियन ग्रुप बनवतात.